थॅकरे, ठाकरे आणि धरणाखाली गेलेला एक कोपरा

प्रश्न असा आहे: "लीड्समध्ये माझ्या ऑफिसात एकाचं आडनाव थॅक्रे आहे. तो मला विचारतो, मुंबईतल्या ठाकऱ्यांचं आणि आमचं नातं काय? हे इंग्रजी आडनाव मूळ कुठलं? आणि आपलं ठाकरे त्यातून आलं, की त्यांचं आपल्याकडून गेलं?"

आधी उत्तर, मग पुराण. रक्ताचं नातं नाही आणि शब्दाचंही नाही. नातं आहे ते फक्त स्पेलिंगचं, आणि तेही एका मराठी माणसानं आपल्या आवडीनं जोडलेलं. पण 'नातं नाही' एवढ्यावर हा विषय सोडला तर त्यातली गंमत निघून जाईल, म्हणून जरा सविस्तर लिहितो. यॉर्कशरमधल्या घराण्यांचे कागद चाळण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि थॅक्रे हे त्या भागातलं मला सगळ्यात आवडणारं आडनाव आहे.

यॉर्कशरमध्ये लीड्सच्या उत्तरेला वॉशबर्न नावाची एक लहानशी नदी आहे. तिच्या खोऱ्यात फ्यूस्टन आणि टिंबल ही गावं. टिंबलच्या शिवेत थॅक्रे नावाची एक छोटी वस्ती होती. 'होती' म्हणायचं कारण असं की, लीड्स शहराची तहान वाढली तेव्हा नगरपालिकेनं १८६० नंतर या खोऱ्यात एकापाठोपाठ एक धरणं बांधली. त्यातलं फ्यूस्टनचं धरण १८७९ मध्ये पुरं झालं आणि थॅक्रेची जागा त्याच्या पाण्याखाली गेली. कोयना किंवा पानशेतच्या पोटात गेलेल्या गावांची माणसं आपल्याला माहीत आहेत. ती आजही स्वतःची ओळख त्या गावाच्या नावानं सांगतात. इथे मात्र गाव बुडायच्या निदान पाचशे वर्षं आधी माणसं ते नाव घेऊन बाहेर पडली होती.

आता नावाचा अर्थ. यॉर्कशरमधली कितीतरी ग्रामनामं इंग्रजी नाहीतच, ती नॉर्स आहेत. डेन्मार्क-नॉर्वेहून आलेल्या लोकांनी ८६६ मध्ये यॉर्क घेतलं, ८७६ मध्ये त्यांच्यातल्या एका टोळीनं जमिनी आपसात वाटून घेऊन नांगर धरला, आणि ९५४ पर्यंत मधूनमधून यॉर्कवर त्यांचे राजे होते. राज्य गेलं तरी माणसं आणि त्यांची भाषा राहिली. थॅक्रे हे नाव त्या भाषेतल्या दोन शब्दांचं आहे. पहिला 'थाक', म्हणजे छप्पर आणि छपरावर घालायचं गवत, लव्हाळा. दुसरा 'व्रा', म्हणजे कोपरा, आडबाजूची जागा. छपराचा लव्हाळा जिथे उगवतो तो कोपरा, एवढाच अर्थ. दऱ्याखोऱ्यांच्या त्या मुलखात ओढ्याकाठी पाणी साचणारी जागा शेतीच्या दृष्टीनं कुचकामी, पण दरवर्षी घर शाकारायला लागणारा माल तिथेच मिळायचा. शाकारणीचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत त्यांना अशा जागेची किंमत सांगायला नको. पुढे 'व्रा'मधला व बोलण्यातून गळाला, उच्चार 'रे' झाला. जुन्या कागदांत 'थॅक'पुढे डब्ल्यू दिसतो तो त्या गळालेल्या व-चा अवशेष. काही घराणी अजूनही स्पेलिंगमध्ये तो डब्ल्यू लावतात.

इथे एक आडवळण घेतो. 'थाक' हा शब्द ज्या मूळ धातूतून आला त्याचा अर्थ 'झाकणे'. जर्मनमधलं छपराचं 'डाख' त्याचंच भावंड आणि लॅटिनमधलं झाकण्याचं क्रियापद 'तेगेरे' हेही. संस्कृतातला 'स्थग्', म्हणजे झाकणे, हा धातूही याच कुळातला मानला जातो. त्यातून आपला 'स्थगित' आला, आणि बऱ्याच अभ्यासकांच्या मते, लपवाछपवी करणारा या अर्थानं 'ठग'सुद्धा. म्हणजे थॅकरे या इंग्रजी नावाचं मराठीत कुणाशी लांबचं नातं जोडायचंच झालं तर ते ठाकूरशी जुळत नाही, ठगाशी जुळतं. हे तुमच्या सहकाऱ्याला सांगायचं की नाही ते तुम्ही बघा.

गावाचं नाव माणसाला कसं चिकटतं, याचा नियम इंग्लंडात आणि कोकणात एकच आहे. गावात राहणाऱ्याला कुणी गावाच्या नावानं ओळखत नाही, कारण तिथे सगळेच त्या गावचे. माणूस शीव ओलांडून दुसरीकडे गेला की तिथले लोक त्याला त्या नावानं ओळखू लागतात. त्यामुळे एखाद्या जुन्या यादीत कुणी 'थॅक्रेचा अमुक' सापडला तर तो बहुधा थॅक्रेत राहत नव्हता, तिथून बाहेर पडला होता. लॅटिनमध्ये लिहिणारे कारकून अशा नावांपुढे 'दे' लावत. आपण 'मौजे' लिहितो तशातलाच प्रकार, फक्त त्यांचा 'दे' गाव आणि माणूस यांच्यामध्ये बसायचा. पंधराव्या शतकात हा 'दे' हळूहळू गळून पडतो आणि गावाचं नाव निखळ आडनाव बनतं.

यॉर्कशरच्या पश्चिम भागातल्या आडनावांसाठी सगळ्यात मोठं घबाड म्हणजे १३७९ ची डोईपट्टी. फ्रान्सशी लढाईचा खर्च भागवायला राजानं हा कर बसवला. साध्या माणसाला किमान ४ पेन्स, वरच्यांना ऐपतीप्रमाणे जास्त. दोन वर्षांनी अशाच पट्टीवरून इंग्लंडभर शेतकऱ्यांचं बंड झालं, ते १३८१ चं. लोकांनी शिव्या घातलेल्या त्या कराच्या याद्या आमच्यासारख्यांना मात्र सोन्यासारख्या, कारण त्यांत गावोगावच्या साध्या माणसांची नावं येतात. वेस्ट रायडिंगच्या, म्हणजे यॉर्कशरच्या याच पश्चिम भागाच्या, याद्या बऱ्यापैकी टिकल्या आहेत. शिवाय फ्यूस्टनचा परिसर नेअर्सबरोच्या राजवनात मोडायचा. वन म्हणजे नुसतं जंगल नव्हे, शिकारीचा राखीव मुलूख, त्यात शेतं आणि गावंही होती. तिथली जमीन एका हातातून दुसऱ्या हातात गेली की स्थानिक न्यायालयात नोंद होई. त्या नोंदी चौदाव्या शतकापासून मिळतात. आपल्या कुळकर्ण्याच्या दप्तरासारखंच ते काम: कोण मेला, कुणाच्या नावे झाली, किती नजराणा भरला. आडनाव बापाकडून मुलाकडे का टिकलं याचं अर्धं उत्तर अशा दप्तरांत आहे. जमिनीवर हक्क सांगायचा तर बापाचं नाव चालवणं सोयीचं.

गाव लहान असणं ही या आडनावाची सगळ्यात मोठी सोय. सटन, नॉर्टन, न्यूटन ही नावं असलेली गावं इंग्लंडात डझनांनी आहेत, त्यामुळे दोन न्यूटन एकमेकांचे कुणी असतील असं धरायला काहीच आधार नसतो. आपल्याकडच्या 'वाडीकर' किंवा 'गावकर'सारखंच ते. थॅक्रेचं तसं नाही. उगम एका चिमुकल्या जागेशी बांधलेला, म्हणून आडनाव मोजक्या घरांतून फुटलं असण्याची शक्यता बरीच. पसाराही उगमापासून फार लांब गेलेला दिसत नाही: लीड्स, हॅरोगेट, नेअर्सबरो, निड नदीचं खोरं. लीड्समधली नावंच बघा. चार्ल्स टर्नर थॅकरा हा तिथला शल्यवैद्य, १७९५ ते १८३३. गिरण्यांत, कारखान्यांत, शिंप्याच्या दुकानात काम करून माणसं कशानं आजारी पडतात याचा इंग्लंडमधला पहिला पद्धतशीर अभ्यास त्यानं १८३१ मध्ये छापला. चार्ल्स थॅक्रे यानं १९०२ मध्ये भागीदाराबरोबर एक औषधाचं दुकान घेतलं, त्यातून शस्त्रक्रियेची उपकरणं बनवणारी कंपनी उभी राहिली. जॉन चार्नली या सर्जननं खुब्याचा कृत्रिम सांधा घडवला तेव्हा तो तयार करण्यात या कंपनीचा हात होता. लीड्समध्ये आज थॅक्रेंच्या नावाचं वैद्यकीय संग्रहालय आहे, ते याच कंपनीमुळे. गायक जेक थॅक्रेही लीड्सचाच, १९३८ चा जन्म. तिघांच्या आडनावांची स्पेलिंगं सारखी नाहीत, पण उगम एकच मानला जातो.

स्पेलिंगबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण सगळा घोळ तिथेच आहे. एकोणिसाव्या शतकापर्यंत साध्या माणसाच्या आडनावाचं स्पेलिंग त्याच्या हातात नसायचं. बाप्तिस्म्याची नोंद करणारा पाद्री, पट्टी वसूल करणारा कारकून, जनगणनेचा माणूस, ज्याला जसं ऐकू आलं तसं त्यानं लिहिलं. एकाच माणसाच्या बाप्तिस्म्यात, लग्नात आणि दफनात तीन वेगळी स्पेलिंगं मी पाहिली आहेत. त्यामुळे "आमच्यात शेवटी वाय आहे, त्यांच्यात एच आहे, म्हणजे आम्ही वेगळे" या म्हणण्याला काही अर्थ नाही. आणि "स्पेलिंग तंतोतंत जुळतं म्हणजे आम्ही एक" हे त्याहूनही पोकळ. मुंबईच्या ठाकऱ्यांबाबत नेमकं हे दुसरं होतं.

आता ते घराणं, ज्यामुळे हे नाव हिंदुस्थानात ओळखीचं झालं. निड नदीवर, हॅरोगेटजवळ, हॅम्प्सथ्वेट नावाचं गाव आहे. तिथल्या थॅकरे घराण्यातला टॉमस शिकून पाद्री झाला आणि १७४६ ते १७६० हॅरो शाळेचा मुख्याध्यापक होता. मुलंबाळं भरपूर. त्यातला विल्यम मेकपीस थॅकरे १७६६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालला आला आणि पुढे सिल्हेटला कलेक्टर झाला. तिथे त्यानं हत्ती पकडून विकण्याचा धंदा केला. कंपनीच्या पगारापेक्षा त्यातच जास्त पैसा होता. हा कादंबरीकार थॅकरेचा आजोबा. मुलगा रिचमंड कलकत्त्यातच कंपनीच्या महसूल खात्यात होता, १८१५ मध्ये तिथेच वारला. त्याचा मुलगा म्हणजे प्रसिद्ध विल्यम मेकपीस थॅकरे, जन्म १८ जुलै १८११, कलकत्ता. पाचव्या वर्षी त्याला विलायतेला धाडलं. वाटेत जहाज सेंट हेलेनाला थांबलं तेव्हा कैदेतला नेपोलियन त्यानं पाहिला, ही आठवण तो पुढे सांगायचा. १८४७-४८ मध्ये हप्त्याहप्त्यानं आलेल्या 'व्हॅनिटी फेअर' या कादंबरीनं त्याचं नाव झालं. तीत बंगालच्या कलेक्टरीवरून परतलेला एक खादाड, भित्रा, फुशारकी मारणारा गृहस्थ आहे. आजोळ-घर दोन्हीकडून कंपनी सरकार पाहिलेल्या माणसालाच असं पात्र जमावं.

पण मराठी वाचकाला, विशेषतः बेळगाव-धारवाडकडच्या, थॅकरे हे नाव कादंबरीकारामुळे नाही, त्याच्या चुलत्यामुळे माहीत असतं. सेंट जॉन थॅकरे हा धारवाडचा कलेक्टर आणि पोलिटिकल एजंट. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली, दक्षिण मराठा मुलूख कंपनीच्या हाती आला, आणि कित्तूरचे देसाई १८२४ मध्ये निपुत्रिक वारले. दत्तक मानायला थॅकरेनं नकार दिला. तो फौज घेऊन किल्ल्याशी आला, आणि २३ ऑक्टोबर १८२४ रोजी राणी चन्नम्माच्या सैन्याशी झालेल्या चकमकीत मारला गेला. त्याचे दोन अधिकारी ओलीस धरले गेले. कंपनीनं डिसेंबरात मोठी फौज आणून किल्ला घेतला, राणीला बैलहोंगलला कैदेत ठेवलं, तिथेच १८२९ मध्ये ती गेली. यॉर्कशरच्या लव्हाळ्याच्या कोपऱ्याचं नाव असं कित्तूरच्या पोवाड्यापर्यंत पोचलं. दुसरा एक चुलता, त्याचंही नाव विल्यमच, मद्रासकडे महसूल अधिकारी टॉमस मन्रोच्या हाताखाली होता आणि रयतवारीच्या, म्हणजे सारा थेट रयतेकडून घ्यायचा का, या वादात त्याची मतं नोंदलेली आहेत. थॅकऱ्यांच्या दोन पिढ्यांनी हिंदुस्थानात किती माणसं पुरली याचा हिशेब मांडला तर तो कादंबरीहून उदास निघेल.

इथे एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. कादंबरीकाराला तीन मुली झाल्या, एक तान्हेपणीच गेली. मुलगा नव्हताच. थोरली अ‍ॅन लेखिका झाली, धाकटीचं लग्न लेस्ली स्टीफन या लेखकाशी झालं. म्हणजे त्याच्यापासून खाली थॅकरे आडनाव चालवणारं कुणी उरलं नाही. माझ्याकडे "आम्ही त्या लेखकाचे वंशज" असं सांगत आलेल्या थॅकरे मंडळींना हे ऐकवताना मला दरवेळी जड जातं. एकानं तर घराण्याचं मानचिन्ह म्हणून दुकानातून विकत आणलेली रंगीत ढाल भिंतीवर लावली होती. इंग्लंडात अशी ढाल आडनावाला मिळत नाही, ती एका माणसाला आणि त्याच्या थेट वारसांना मिळते. दुकानदाराला याची फिकीर नसते.

आता आपल्याकडे वळू. ठाकरे हे नाव बहुतेक जण 'ठक्कुर' या मध्ययुगीन शब्दाशी जोडतात, म्हणजे मालक, सरदार, देव. ठाकूर, गुजराती ठक्कर, बंगाली ठाकुर, ज्याचं इंग्रजांनी 'टागोर' केलं, ही सगळी याच शब्दाची लेकरं. 'ठ' आणि इंग्रजी 'थ' यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण रोमन लिपीत दोन्हींसाठी टी आणि एच हीच अक्षरं वापरतात. सगळा गोंधळ या दोन अक्षरांनी घातला आहे.

आणि तो ठाकऱ्यांपुरता नाही. मुंबईत थॅकर आणि कंपनी नावाचे पुस्तकवाले होते, बाबासाहेब आंबेडकरांची काही पुस्तकं त्यांनीच काढली. ते 'थॅकर' इंग्रजी, अर्थ छप्पर शाकारणारा, थॅक्रेच्या पहिल्या अर्ध्या भागाचंच धंद्यावरून पडलेलं भावंड. कच्छचे कित्येक लोहाणा ठक्कर आपलं आडनाव हुबेहूब त्याच स्पेलिंगनं लिहितात. एकाचा पूर्वज गवत अंथरत होता, दुसऱ्याचा ठाकूर म्हणवत होता, आणि कागदावर दोघे जुळे भाऊ. एसएनडीटी विद्यापीठातलं 'ठाकरसी' बघा, तिथेही मध्ये सी-के. इंग्रजी अमदानीतल्या इंग्रजी लिहिणाऱ्यांना 'क' दिसला की सी-के लिहायची सवयच होती. शिंद्यांचं 'सिंदिया' ज्या काळात झालं त्याच काळातली ही खोड.

प्रबोधनकारांकडे आलो की मात्र ही खोड उरत नाही, निवड होते. केशव सीताराम ठाकरे, जन्म १८८५, पनवेल. त्यांच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे पूर्वज धोडप किल्ल्याचे किल्लेदार होते, म्हणून घराणं धोडपकर म्हणवत असे. आजोबा पनवेलला स्थिरावले आणि वडील पनवेलकर झाले. मुलाला शाळेत घालताना वडिलांनी 'ठाकरे' हे घराण्याचं जुनं आडनाव लावलं. इंग्रजीत ते कादंबरीकार थॅकरेसारखं लिहायचं हे प्रबोधनकारांनी नंतर ठरवलं, त्या लेखकाच्या आवडीपोटी, असं सांगितलं जातं. इंग्रजी वाङ्मयाचं त्यांचं वाचन आणि त्यांच्या लेखणीची धार पाहता मला ते पटतं. ढोंगावर कोरडे ओढणारा लेखक त्यांना आपला वाटला असणार.

आता यातली गंमत बघा. धोडपकर, पनवेलकर ही दोन्ही गावावरून पडलेली आडनावं या घराण्यानं अंगावरून उतरवली आणि पदवीवरून आलेलं ठाकरे घेतलं. मग त्याला स्पेलिंग चढवलं ते नेमकं एका इंग्रजी 'कर'चं. थॅकरेचं मराठीत भाषांतर केलं तर लव्हाळकर किंवा कोपरकर असं काहीसं होईल. प्रबोधनकारांना हे माहीत असतं तर त्यावर त्यांनी एक झणझणीत टिपण नक्की लिहिलं असतं.

तुमच्या सहकाऱ्याला पुढे शोध घ्यायचा असेल तर स्पेलिंगच्या मागे लागू नये. आजोबा-पणजोबा कुठल्या पॅरिशचे, म्हणजे कुठल्या चर्चच्या हद्दीतले, होते हे आधी घरात विचारावं. १ जुलै १८३७ पासून जन्म-मृत्यूची सरकारी नोंद मिळते, १८४१ पासून जनगणनेत नावं मिळतात. त्याच्या मागे चर्चच्या वह्या, त्या टिकल्या असतील तर १५३८ पर्यंत जातात, पण मधली पानं उंदरांनी, ओलीनं आणि यादवी युद्धानं खाल्लेली असतात. फ्यूस्टन, हॅम्प्सथ्वेट, ऑटली या वह्या आधी बघाव्यात, आणि आडनावाची सगळी रूपं धरून बघाव्यात. थॅक्रे सापडला नाही तर थॅकरा, थॅकवरे, नुसता थॅकर असलेल्या ओळीही वाचाव्यात. माझ्या हातून एक शाखा वर्षभर हरवली होती, ती शेवटी 'एफ' अक्षराखाली सापडली. लिहिणाऱ्याला 'थ' हा 'फ' ऐकू आला होता.

आणि एखाद्या रविवारी त्याला घेऊन फ्यूस्टनला जा. लीड्सहून गाडीनं तासाभराचा रस्ता. धरणाभोवती चालायला पायवाट आहे. गाव दिसणार नाही, पण काठाला लव्हाळा दिसेल.